प्लेझान्स ते मुंबई : अंतर किती?

प्लेझान्स विमानतळापासून मुंबई सुमारे ४,७०० किलोमीटर आहे. थेट विमानाला साधारण सहा तास लागतात. भारताचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे असल्यामुळे तिकिटावर मात्र जाताना साडेसात तास आणि येताना साडेचार तास दिसतात. आपल्या पूर्वजांना याच प्रवासासाठी जहाजात कित्येक आठवडे काढावे लागले.

तेव्हा मुंबई जवळ आली, असे म्हणावे काय? थेट विमानात जागा मिळाली तरच! दुबईमार्गे गेल्यास हाच प्रवास सुमारे ७,००० किलोमीटरचा होतो, शिवाय मध्ये ताटकळणे आलेच. २०२० साली करोनामुळे सीमा बंद झाल्या, तेव्हा तर सहा तासांवरची मुंबई महिनोन् महिने दुरावली. आणि मुंबईहून पूर्वजांच्या कोकणात जायचे, तर रत्नागिरी रस्त्याने आणखी तीनशेहून अधिक किलोमीटर. तेथे पोहोचायला विमानाहूनही जास्त वेळ लागतो.

मार्च २०२४ मध्ये भारताच्या राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी येथे येऊन सातव्या पिढीलाही ओसीआय कार्ड मिळेल, अशी घोषणा केली. तिचे आम्ही स्वागत करतो. पण कार्डामुळे व्हिसाची अडचण सुटते, तिकिटाची नाही. चौघांच्या कुटुंबाला चार तिकिटे घ्यावी लागतात, तीही बहुधा शाळेच्या सुट्टीत, भाडे चढलेले असताना.

आमचे विद्यार्थी कोकणाविषयी पुस्तकात वाचतात. त्यांना ते एकदा तरी पाहता यावे, म्हणून सुट्टीत विद्यार्थ्यांना सवलतीचे तिकीट मिळावे, अशी मागणी आपल्या सर्व मराठी मंडळांनी एकत्र येऊन करावी.