पश्चात्कर्म कोणाच्या हाती?

नोव्हेंबर २०२० मध्ये तत्कालीन भारतीय चिकित्सा केंद्रीय परिषदेने शल्य व शालाक्य या विषयांच्या पदव्युत्तर वैद्यांसाठी ५८ शस्त्रकर्मांची यादी राजपत्रात प्रसिद्ध केली. त्यांपैकी ३९ कर्मे शल्यतंत्राची होती आणि आंत्रपुच्छाचे निर्हरण, म्हणजे ज्याला लोक 'अपेंडिक्सचे ऑपरेशन' म्हणतात, ते त्यांत होते. या अधिसूचनेवरून देशभर वादंग माजले. ११ डिसेंबर रोजी आधुनिक वैद्यकाच्या संघटनेने निषेध म्हणून कामबंद आंदोलनही केले. शस्त्र कोणाच्या हाती असावे यावर दोन्ही बाजूंनी पुष्कळ शाई खर्च झाली. परंतु शस्त्रकर्म आटोपल्यावर घरी परतलेला रुग्ण कोणाच्या हाती असतो, हा प्रश्न त्या गदारोळात कोणी विचारलेला आमच्या वाचनात नाही. आपल्यापैकी बहुसंख्य वैद्य कायचिकित्सा करणारे आहेत. त्यांच्या दृष्टीने हाच प्रश्न अधिक निकडीचा आहे, असे आम्हास वाटते.

सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या पाचव्या अध्यायात कर्माचे पूर्वकर्म, प्रधानकर्म आणि पश्चात्कर्म असे तीन भाग सांगितले. एवढ्यावर न थांबता व्रणी रुग्णाची खोली, शय्या, आहार, निद्रा, धूपन आणि त्याच्याजवळ बसणारी माणसे यांसाठी त्यांनी 'व्रणितोपासनीय' हा एकोणिसावा अध्याय स्वतंत्रपणे खर्ची घातला. आज नेमका हाच भाग निराधार झाला आहे. पूर्वी टाके काढेपर्यंत रुग्ण रुग्णालयातच असे. आता अपेंडिक्स फुटलेले नसेल आणि शस्त्रक्रिया दुर्बिणीतून झाली असेल, तर एक-दोन दिवसांत त्याला घरी सोडतात. यात गैर काही नाही. मात्र बिल भरण्याच्या धावपळीत हाती पडलेले इंग्रजी डिस्चार्ज कार्ड घरात कोणी वाचत नाही आणि पश्चात्कर्माची सूत्रे शेजारणीकडे, मामंजींकडे किंवा औषधाच्या दुकानदाराकडे जातात. चौथ्या दिवशी घरचे लोक आपल्या दवाखान्यात येऊन विचारतात, 'वैद्यराज, पथ्य काय ठेवायचे?' या प्रश्नाचे उत्तर देण्याची आपली तयारी किती आहे, हे तपासले पाहिजे.

प्रथम आहाराविषयी. 'भात खाल्ला की जखमेत पू होतो' ही समजूत महाराष्ट्रात घरोघरी आढळते आणि काही वैद्यही तिला दुजोरा देतात. सुश्रुताचार्यांनी तर व्रणी रुग्णास जुन्या शालीचा भात स्निग्ध, उष्ण, अल्प मात्रेत व द्रवप्रधान स्वरूपात द्यावा असे सांगितले आहे. त्यासोबत मुगाचे यूष, तांदळजा, चाकवत, पडवळ, डाळिंब, आवळा व सैंधव यांचाही उल्लेख आहे. त्यांनी वर्ज्य सांगितले ते नवे धान्य. तेव्हा नुकत्याच आलेल्या चिकट तांदळाविषयी जी सावधगिरी सांगितली होती, तिचे रूपांतर कालांतराने सरसकट भातबंदीत झाले असावे. जुन्या किंवा भाजलेल्या तांदळाचा मऊ भात, मुगाचे कढण आणि चमचाभर साजूक तूप हा आहार शास्त्रालाही मान्य आहे आणि रुग्णाच्या पोटालाही.

त्याच अध्यायात दही, दूध व ताक यांनाही मनाई आहे, ही गोष्ट आम्ही दडवून ठेवीत नाही. पण ती मनाई सांगताना आचार्यांसमोर जो व्रण होता तो बहुतांशी उघडा, स्रावयुक्त व पाकाकडे झुकलेला होता. आजचा रुग्ण टाक्यांनी मिटवलेला, स्वच्छ व्रण घेऊन घरी येतो. जखम भरून येण्यास त्याला प्रथिने लागतात. त्याला दूध सोसत असेल तर ते बंद करण्याचे कारण आम्हास दिसत नाही. जो अंडी किंवा मांसरस घेणारा आहे, त्याला भूक स्थिरावल्यावर तेही द्यावे. जांगल मांसरस तर संहितेतच पथ्य म्हणून आलेला आहे.

पेया, विलेपी, अकृत यूष, कृत यूष हा संसर्जनक्रम शोधनानंतरचा आहे. तो जसाच्या तसा येथे लावून धडधाकट तरुणाला सात दिवस पेजेवर ठेवणे म्हणजे त्याचे बल खच्ची करणे होय. त्या क्रमामागचे तत्त्व मात्र आपण घ्यावे. भूल, उपवास व शस्त्रकर्म यांनी अग्नी मंद झालेला असतो, म्हणून लघु आहारापासून चढत जावे. किती वेगाने चढावे हे पंचांग पाहून न ठरवता रुग्ण पाहून ठरवावे. अपान वायू सरू लागला का, मळमळ थांबली का, लागलेली भूक खरी आहे का, एवढे विचारले की पुरेसे होते. साध्या शस्त्रक्रियेनंतर हा टप्पा बहुधा एक-दोन दिवसांत येतो. अपेंडिक्स फुटून पोटात पू पसरला असेल तर आतड्यांची गती परत येण्यास अधिक काळ लागतो आणि तेथे घाई नको.

दुसरा विषय हालचालीचा. सुश्रुताचार्यांनी व्रणी रुग्णाच्या चंक्रमणासही आवर घातला आहे. तथापि अंथरुणाचे अतिसेवन वातप्रकोप करून अंगदुखी उत्पन्न करते, असेही त्याच अध्यायात सांगितले आहे. आजचा अनुभव निःसंदिग्ध आहे. शस्त्रक्रियेच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी रुग्णास उठवून चालविल्याने आतडी लवकर कामास लागतात, छातीत कफ साठत नाही आणि पायाच्या शिरांत रक्त गोठण्याचा धोका कमी होतो. येथे आपण आजच्या ज्ञानाच्या बाजूने उभे राहिले पाहिजे. घरातल्या घरात दिवसातून चार-पाच वेळा चालणे, खोकताना पोटावर उशी धरणे आणि कुशीवर वळून हाताच्या आधाराने उठणे हे आपण रुग्णास करून दाखवावे.

मात्र चालणे वेगळे आणि ओझे उचलणे वेगळे. पाचव्या अध्यायात आचार्य सांगतात की व्रण रूढ झाल्यावरही त्यास स्थैर्य येईपर्यंत अजीर्ण, व्यायाम, व्यवाय, क्रोध इत्यादी टाळावे. रूढ आणि स्थिर यांतील हा भेद आम्हास फार मोलाचा वाटतो. त्वचा आठ-दहा दिवसांत मिटते. तिच्याखालच्या स्नायूंच्या आवरणास बळकटी येण्यास कित्येक आठवडे लागतात. टाके निघाले म्हणजे माणूस बरा झाला, असे समजून लोक दहाव्या दिवशी पाण्याचा हंडा उचलतात किंवा गॅसचा भरलेला सिलिंडर सरकवतात. त्या सिलिंडरात नुसता वायूच १४.२ किलोग्रॅम असतो, टाकीचे वजन वेगळे! उघड्या शस्त्रक्रियेनंतर चार ते सहा आठवडे जड वजन वर्ज्य करावे. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत हा काळ कमी असतो. तो संबंधित सर्जनांस विचारून ठरवावा.

मलावष्टंभ ही जवळजवळ प्रत्येकाची तक्रार असते. वेदनाशामक औषधे, अल्प आहार आणि कुंथण्याची भीती ही तिची कारणे होत. येथे एरंडेल किंवा सोनामुखीयुक्त तीव्र चूर्ण देण्याचा हात आवरावा. कोमट पाणी, भिजवलेल्या मनुका, तूप व चालणे यांनी बहुधा काम होते. पोट फुगले असेल आणि वायूही सरत नसेल, तर सौम्य रेचकही न देता रुग्णास परत पाठवावे. पोटावर अभ्यंग नको, बस्ती नको आणि मिटलेल्या जखमेवर हळद, राख किंवा कोणताही लेप नको. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर एक-दोन दिवस खांदा दुखतो, तो पोटात भरलेल्या वायूमुळे श्वासपटल चाळवल्याने. त्याला वातव्याधी समजून औषधांची मालिका सुरू करू नये.

आता जो मुद्दा आम्हास सर्वांत गंभीर वाटतो तो मांडतो. शस्त्रक्रियेनंतर पाच ते दहा दिवसांच्या सुमारास रुग्ण येतो आणि सांगतो की थोडा थोडा पातळ मल होतो, आव पडते, सारखी शंका राहते, संध्याकाळी कणकण येते. प्रवाहिकेचे लक्षण समजून आपला हात कुटजघनवटीकडे जातो. परंतु अपेंडिक्स फुटलेले असेल तर ओटीपोटात गळू होऊन गुदनलिकेस क्षोभ होतो आणि तोच नेमकी ही लक्षणे उत्पन्न करतो. हा अंतर्विद्रधी आहे. येथे आपण दिलेली स्तंभक औषधी दोन-चार मौल्यवान दिवस वाया घालवील आणि रुग्णाच्या जिवावर बेतेल. ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक असणे, वेदना उतरण्याऐवजी चढणे, वारंवार उलटी, पोट फुगणे, जखमेभोवती लाली पसरणे वा पू येणे, एका पोटरीस सूज व दुखणे, धाप लागणे, यांपैकी एकही लक्षण आढळल्यास त्याच दिवशी सर्जनांकडे पाठवावे. आपल्या औषधाचा गुण येतो का, हे पाहण्याचा तो प्रसंग नव्हे. प्रतिजैविके दिलेली असतील तर 'उष्ण पडतात' म्हणून ती मध्येच बंद करण्याचा सल्लाही आपण देऊ नये.

यासाठी आमची सूचना साधी आहे. रुग्ण आला की प्रथम डिस्चार्ज कार्ड मागावे. अपेंडिक्स फुटले होते का, नळी ठेवली होती का, टाके केव्हा काढायचे, औषधे किती दिवसांची, हे पाहावे व घरच्या माणसांना मराठीत समजावून सांगावे. काढलेला भाग तपासणीसाठी पाठविला असल्यास तो अहवाल आणण्यास आवर्जून सांगावे; क्वचित त्यात अर्बुद आढळते आणि अहवाल न नेल्यामुळे ते तसेच राहून जाते. सर्जनांचा दूरध्वनी क्रमांक आपल्या नोंदवहीत असावा आणि आपण काय पथ्य सांगितले हे त्यांना चार ओळींत कळवावे. संघटनेने पथ्य, हालचाल आणि धोक्याची लक्षणे असलेले एक पानी मराठी पत्रक छापून प्रत्येक सभासदाकडे दिल्यास त्याचा खर्च फार येणार नाही.

शस्त्रकर्माच्या अधिकाराचा निकाल शासन आणि न्यायालये लावतील तेव्हा लावोत. पश्चात्कर्माचा अधिकार आपल्याकडून कोणी काढून घेतलेला नाही. आपणच तो वाऱ्यावर सोडला आहे. तो परत घ्यायचा तर पथ्य सांगण्याइतकीच रुग्णास वेळेवर परत पाठविण्याचीही जबाबदारी उचलावी लागेल. वैद्यबंधू-भगिनींनी यावर आपली मते अवश्य कळवावीत.