शाबितीची जबाबदारी सुईवर आहे!

काही दिवसांपूर्वी आमच्याकडे एक मावशी आल्या. उभे आयुष्य दुसऱ्यांच्या इमारतींचे जिने झाडण्यात गेले आणि त्यात गुडघेही गेले. हातातल्या कापडी पिशवीत एका ॲक्युपंक्चर केंद्राच्या पावत्या होत्या. सुया टोचून घेतल्यावर गुडघ्यांना आराम पडला, हे त्या स्वतःच सांगत होत्या. पुढे त्या केंद्रातल्या माणसाने सांगितले की, याच सुयांनी तुमची साखरही जाईल, गोळ्या बंद करा. मावशींनी गोळ्या बंद केल्या. पायाला झालेली जखम चिघळली आणि शेवटी दोन बोटे कापावी लागली. आमच्यासमोर बसून त्यांनी एकच प्रश्न विचारला, "वकीलसाहेब, सुई खोटी होती का हो?"

प्रश्न साधा आहे, पण उत्तर एका शब्दात देता येत नाही. गुडघ्याची सुई आणि साखरेची सुई हे दोन वेगवेगळे दावे आहेत. कोर्टात एका दाव्याचा निकाल दुसऱ्या दाव्याला चिकटवता येत नाही. प्रत्येक दाव्याला स्वतंत्र पुरावा लागतो आणि जो दावा करतो त्याच्यावरच शाबितीची जबाबदारी असते. ॲक्युपंक्चरच्या बाबतीत नेमकी येथेच गल्लत केली जाते. एका दुखण्यावर थोडासा पुरावा दाखवायचा आणि त्याच्या जोरावर शंभर रोगांची पाटी लावायची! म्हणून आज आम्ही ही सुई साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी करणार आहोत.

प्रथम ऐकीव पुराव्याचा निकाल लावू. चीनमध्ये नुसत्या सुया टोचून अमेरिकन पत्रकाराचे पोट फाडले आणि त्याला काहीही कळले नाही, ही गोष्ट अनेकांनी ऐकली असेल. हा पत्रकार म्हणजे 'न्यूयॉर्क टाइम्स'चे जेम्स रेस्टन. जुलै १९७१ मध्ये बीजिंगच्या इस्पितळात त्यांचे अपेंडिक्स काढले गेले. पण त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे की, शस्त्रक्रिया नेहमीच्या बधिर करणाऱ्या इंजेक्शनांनी झाली. सुया टोचल्या त्या नंतर, पोटात गुबारा धरला तेव्हा. मूळ साक्षीदार एक सांगतो आणि गावभर दुसरेच पसरते! १९७२ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन चीनला गेले आणि या सुईचा बोलबाला जगभर झाला.

आता खरा पुरावा पाहू. सुई टोचल्याने शरीरात काही घडते काय? घडते. टोरांटो विद्यापीठाचे ब्रूस पोमेरांझ यांनी १९७६ मध्ये उंदरांवरील प्रयोगांत दाखवले की, सुयांनी वेदना कमी होते, पण नॅलोक्सोन हे औषध दिल्यास तो परिणाम नाहीसा होतो. नॅलोक्सोन हे अफूच्या जातीच्या द्रव्यांचा परिणाम अडवणारे औषध आहे. म्हणजेच सुई टोचल्यावर शरीर स्वतःची वेदनाशामक द्रव्ये, एंडॉर्फिन, सोडत असावे. ही गोष्ट तपासता येते, म्हणून तिला विज्ञान म्हणायचे. परंतु अंगभर अदृश्य वाहिन्या आहेत, त्यांतून 'ची' नावाची प्राणशक्ती वाहते आणि ती अडली की रोग होतो, या सिद्धान्ताला शरीररचनाशास्त्रात आधार सापडलेला नाही. शवविच्छेदनात नसा दिसतात, रक्तवाहिन्या दिसतात, या वाहिन्या दिसत नाहीत.

मग वाहिन्यांचा नकाशा खरा आहे की नाही, हे तपासायचे कसे? शास्त्रज्ञांनी सोपी युक्ती काढली. चिठ्ठ्या टाकल्यासारखे रुग्णांचे गट पाडायचे. एका गटाला शास्त्रोक्त जागी सुया, दुसऱ्याला मुद्दाम चुकीच्या जागी वरवर टोचलेल्या सुया, तिसऱ्याला नेहमीचे उपचार. कोणती सुई खरी आणि कोणती नकली हे रुग्णाला सांगायचे नाही. जर्मनीत जुनाट कंबरदुखीच्या ११६२ रुग्णांवर अशी चाचणी झाली आणि २००७ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांनी खऱ्या सुयांच्या गटात शेकडा ४७.६ जणांना चांगला फरक पडला होता. नकली सुयांच्या गटात शेकडा ४४.२ जणांना आणि नेहमीच्या उपचारांच्या गटात शेकडा २७.४ जणांना. २००९ मध्ये अमेरिकेतील ६३८ रुग्णांच्या चाचणीत तर एका गटाला सुईऐवजी दात कोरण्याची काडी नळीतून नुसती टेकवली होती. तिचाही गुण सुईएवढाच आला!

वाचकहो, हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचले पाहिजेत. सुईवाले फक्त ४७ आणि २७ एवढेच दाखवतात, तर सुईचे विरोधक ४७ आणि ४४ एवढेच. पूर्ण सत्य तिन्ही आकड्यांत आहे. रुग्णांना आराम पडला, हे खरे. पण सुई नेमकी कोठे टोचली याने फारसा फरक पडला नाही, हेही तितकेच खरे. हजारो रुग्णांची माहिती एकत्र करून अँड्र्यू विकर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये केलेल्या विश्लेषणाचा निष्कर्षही याच वळणाचा आहे. दुसऱ्या वेळी ३९ चाचण्यांतील २०८२७ रुग्ण त्यात होते. पाठ, मान, गुडघे आणि डोकेदुखी यांच्या जुनाट वेदनेत खरी सुई नकली सुईपेक्षा थोडी सरस ठरली, पण ते अंतर लहान आहे. आरामातला मोठा वाटा विश्वासाचा, स्पर्शाचा आणि कोणीतरी आपल्याकडे वेळ देऊन पाहते आहे या भावनेचा असावा. सरकारी दवाखान्याच्या रांगेत दोन मिनिटांत चिठ्ठी लिहून बाहेर काढल्या जाणाऱ्या आमच्या माणसांना या शेवटच्या गोष्टीचे मोल वेगळे सांगायला नको.

दुसरा दावा मळमळ आणि उलटीचा. मनगटाच्या आतल्या बाजूच्या एका बिंदूवर सुई किंवा दाब दिल्यास शस्त्रक्रियेनंतरची उलटी कमी होते, याला बऱ्यापैकी पुरावा आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने १९९७ मध्येच तसे मत नोंदवले होते. म्हणजे हाही दावा काही अंशी शाबीत.

तिसरा दावा मूल होण्याचा. या दाव्यावर किती बायांनी मंगळसूत्र गहाण टाकले असेल! टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारांसोबत ॲक्युपंक्चर देऊन ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधील ८४८ स्त्रियांवर चाचणी झाली. २०१८ मध्ये निकाल आला. खऱ्या सुयांच्या गटात शेकडा १८.३ जणींना मूल झाले, नकली सुयांच्या गटात शेकडा १७.८ जणींना. फरक नाहीच. दावा फेटाळला.

आणि मधुमेह, कर्करोग, मूत्रपिंडाचा विकार? सुयांनी हे रोग बरे होतात, असे दाखवणारा विश्वासार्ह पुरावा नाही. कर्करोगाच्या रुग्णाची औषधांमुळे होणारी मळमळ सुईने कमी होऊ शकते. पण मळमळ कमी होणे म्हणजे कर्करोग बरा होणे नव्हे. मावशींची फसवणूक नेमकी याच जागी झाली.

आता थोडे आपल्या माणसांशी बोलू. चळवळीतल्या काही मित्रांचे म्हणणे असे की, ही विद्या चीनची, बौद्ध देशाची, म्हणून ती आपली. आम्हांला हा युक्तिवाद मुळीच मान्य नाही. 'ची' आणि यिन-यांग हा प्राचीन चिनी विचार आहे, बुद्धाच्या शिकवणुकीशी त्याचा संबंध नाही. आणि संबंध असता तरी काय झाले असते? परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, गुरूने सांगितले म्हणून मान्य करू नका, असे कालामांना सांगणाऱ्या शास्त्याचे आपण अनुयायी. वेदात सगळे आहे म्हणणाऱ्यांकडे आपण पुरावा मागतो. मग चीनच्या दोन हजार वर्षांपुढे मान तुकवायची काय? खुद्द चीनमध्ये १८२२ साली सम्राटाने राजवैद्यकाच्या संस्थेतून ही सुई काढून टाकली होती. पुढे डॉक्टरांचा तुटवडा असलेल्या देशात १९५० नंतर माओच्या राजवटीने तिला पुन्हा उभे केले. त्याच चीनच्या तू यूयू यांनी जुन्या ग्रंथातली एक वनस्पती प्रयोगशाळेत तपासली, तीतले हिवतापावरचे औषध वेगळे काढले आणि २०१५ मध्ये नोबेल पारितोषिक मिळवले. परंपरेतले घ्यायचे ते असे घ्यावे, पारखून!

सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचे नावही या सुईशी जोडले जाते. १९३८ साली चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांत ते होते. १९४२ मध्ये तेथेच त्यांचा अंत झाला. परंतु कोटणीसांनी युद्धभूमीवर जखमींचे प्राण वाचवले ते आधुनिक शस्त्रक्रियेने. सुई भारतात आणली ती त्याच पथकातले डॉ. बिजॉयकुमार बसू यांनी, १९५० च्या दशकाच्या अखेरीस. कोटणीसांच्या त्यागाला आमचा सलाम. पण त्याग हा उपचाराचा पुरावा होत नाही.

आता कायद्याचे पाहू. केंद्र सरकारने २००३ मध्ये ॲक्युपंक्चरला उपचाराची एक रीत म्हणून आणि २०१९ मध्ये स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. महाराष्ट्राने त्याआधीच, २०१५ चा स्वतंत्र अधिनियम करून परिषद आणि नोंदणीची तरतूद केली. केंद्रांच्या भिंतीवर ही मान्यता चौकटीत लावलेली असते. मात्र कायद्याची मान्यता म्हणजे विज्ञानाचा दाखला नव्हे. सुई कोणी टोचावी एवढेच कायदा ठरवतो. तिने कोणता रोग बरा होतो, हे विधिमंडळाच्या मतदानाने ठरत नसते. १९९६ च्या पूनम वर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, ज्या पद्धतीचे ज्ञान नाही त्या पद्धतीने उपचार करणारा भोंदूच होय. त्या प्रकरणात मुंबईतील एका होमिओपॅथने ॲलोपॅथीची औषधे दिली होती आणि रुग्ण दगावला होता. मग ज्याने साखरेच्या गोळ्यांचे शास्त्र कधी शिकले नाही, त्याने त्या बंद करायला सांगणे याला काय म्हणायचे?

मग आधुनिक वैद्यकात या सुईची जागा कोणती? आमचे उत्तर असे : वेदना-उपचार विभागाच्या एका कोपऱ्यात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, इतर उपचारांच्या जोडीला. जर्मनीने वरच्या आणि तशाच चाचण्या पाहून जुनाट कंबरदुखी आणि गुडघेदुखी या दोनच दुखण्यांसाठी २००७ पासून विम्यातून खर्च द्यायचे ठरवले. अमेरिकेच्या मेडिकेअरने २०२० मध्ये फक्त जुनाट कंबरदुखीसाठी परवानगी दिली. ब्रिटनच्या नाइस संस्थेने २००९ मध्ये कंबरदुखीसाठी केलेली शिफारस २०१६ मध्ये मागे घेतली आणि २०२१ मध्ये काही जुनाट वेदनांसाठी मर्यादित शिफारस केली. पुरावा बदलला की मत बदलायचे, यात कमीपणा नाही. संविधानाच्या अनुच्छेद ५१-क ने वैज्ञानिक दृष्टिकोनाचे जे कर्तव्य सांगितले, ते हेच.

पण आम्हांला खरी धास्ती दुसरीच आहे. श्रीमंताला सुई हवी असेल तर तो डायलिसिस, बायपास आणि इन्शुलिन यांच्या जोडीला घेतो. गरिबाला मात्र त्यांच्या ऐवजी दिली जाते! अनुच्छेद ४७ ने सार्वजनिक आरोग्याची जबाबदारी राज्यावर टाकली आहे. स्वस्त सुया वाटून राज्याला त्या जबाबदारीतून सुटता येणार नाही. जिल्हा रुग्णालयात सुई आणायची तर जरूर आणा, पण आधी तेथे इन्शुलिन, हाडांचा डॉक्टर आणि व्यायामोपचार तज्ज्ञ आणा.

आणि आपल्या वस्त्यांतल्या बंधूभगिनींनी एवढे करावे. सुई आपल्यासमोर बंद पाकिटातून काढलेली आणि एकदाच वापरायची असावी, नाहीतर कावीळ आणि एचआयव्हीचा धोका घरी येतो. टोचणाऱ्याची नोंदणी विचारावी, प्रत्येक पैशाची पावती घ्यावी. आणि चालू औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरला विचारल्याशिवाय कोणाच्याही सांगण्यावरून एक गोळीसुद्धा बंद करू नये. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा १९९५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ग्राहक कायद्याच्या कक्षेत आली आहे, हेही ध्यानात ठेवावे.

मावशींना आम्ही सांगितले, "तुमच्या गुडघ्याला पडलेला आराम खोटा नव्हता. साखरेबद्दल दिलेला शब्द खोटा होता." त्यांच्या पावत्या आता आमच्या फायलीत आहेत आणि ग्राहक आयोगात तक्रार दाखल होते आहे. दोन बोटे परत येणार नाहीत. पण गोळ्या बंद करायला सांगणाऱ्याला आता एका प्रश्नाचे उत्तर द्यावे लागेल, जो आपण प्रत्येकाने त्याच्या दारातच विचारायला हवा होता : पुरावा कुठे आहे?