‘फायटर’ नको, हक्कदार म्हणा!

अंडाशयाच्या कॅन्सरातून एखादी बाई उठली की तिला ‘फायटर’ म्हणून फूल दिलं जातं, फोटो निघतो आणि विषय संपतो. आमचा आक्षेप फुलाला नाही, या भाषेला आहे. जगणं हा जिद्दीचा मामला ठरवला, की जी दगावली ती कमी लढली असा अर्थ निघतो. मग उशिरा झालेलं निदान आणि पैशाअभावी अर्धवट सुटलेला उपचार यांचा जाब कुणाला विचारायचा?

हा आजार फसवा आहे. पोट फुगणं, दोन घासांत पोट भरणं, ओटीपोट दुखणं, सारखं लघवीला लागणं. ही लक्षणं घेऊन वस्तीतली बाई दवाखान्यात गेली की गॅसची गोळी मिळते. लक्षणं नसताना हा आजार हुडकून जीव वाचवेल अशी सरसकट चाचणी अजून नाही. ब्रिटनमध्ये २ लाखांहून अधिक महिलांवर झालेल्या अभ्यासाचा २०२१ मधला निष्कर्ष तोच होता. म्हणून बाईचं ऐकून घेणं हीच पहिली तपासणी.

आता दुसरी बाजू पाहा. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या सर्वेक्षणात १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. हे २०१९ मध्ये शासनाच्या चौकशी समितीपुढे आलं. ‘पिशवी काढली नाही तर कॅन्सर होईल’ अशी भीती घातल्याचं अनेकींनी सांगितलं. कॅन्सर नसताना त्याचा धाक, आणि असताना गॅसची गोळी! दोन्हीकडे देह कष्टकरी बाईचा, आणि दोन्हीकडे तिच्या शब्दाला किंमत शून्य. न वाचून दाखवलेल्या फॉर्मवरचा अंगठा म्हणजे संमती नव्हे.

वाचल्यानंतरही हाच प्रश्न उभा राहतो. शस्त्रक्रियेत बहुतेक वेळा दोन्ही अंडाशयं आणि गर्भपिशवी काढतात. पाळी एकदम बंद होते, अंगाची आग होते, हाडं ठिसूळ होतात. केमोने हातापायांना बधिरता येऊ शकते. अशा हातांनी खुरपं कसं धरायचं? प्रगत अवस्थेत सापडलेला आजार बहुतेकींत परत उलटतो, हेही तिला आधी कळायला हवं.

दर काही महिन्यांनी सांगितली जाणारी सीए-१२५ ही रक्तचाचणी घ्या. आकडा वाढला एवढ्यावरून लगेच केमो सुरू केल्याने आयुष्य वाढत नाही, असं २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत दिसलं. मग ही तपासणी करायची की लक्षणांवर लक्ष ठेवायचं, हे डॉक्टरांनी समजावावं आणि तिने ठरवावं. काही जणींत हा आजार बीआरसीए जनुकातल्या दोषामुळे होतो. तो धोका लेकी-बहिणींनाही असू शकतो, म्हणून त्यांनाही माहिती मिळाली पाहिजे.

राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ मध्ये रुग्णहक्कांची सनद तयार केली. माहिती, केसपेपर आणि दुसऱ्या डॉक्टरचं मत हे तिच्यात हक्क आहेत, मेहेरबानी नाही. पण महात्मा फुले यांच्या नावाच्या आरोग्य योजनेत शस्त्रक्रिया बसते, बुडालेली मजुरी बसत नाही. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात बाबासाहेबांनी प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा दिला आणि त्या खर्चाचा मोठा भार सरकारने उचलावा, अशी भूमिका घेतली. बाईच्या शरीराची झीज ही घरगुती बाब नाही, हा त्यातला धडा. आजारातून उठलेल्या बाईलाही तोच न्याय लागू होतो.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. संमतीपत्र मराठीत असावं आणि वाचून दाखवावं. उपचारानंतरची तपासणी जिल्हा रुग्णालयात व्हावी. प्रवासभाडं आणि बुडीत मजुरी मिळावी.

कार्यकर्त्यांनाही एक नियम हवा. मदतीच्या आवाहनासाठी बाईचा केस गळालेला फोटो तिच्या परवानगीशिवाय ग्रुपवर फिरवायचा नाही. तिच्यासोबत ओपीडीत बसा, केसपेपरची झेरॉक्स मागा, प्रश्न लिहून न्या. पण तिच्या वतीने बोलण्याआधी तिला बोलू द्या.

जय भीम!