वीस किलोचं तान्हं

लॅब्रॅडॉरचं पिल्लू घरी आणायचं ठरलं की लोक काय काय विचारतात! रंग पिवळा मिळेल की काळा, कागदपत्रं आहेत का, केस किती गळतात, महिन्याचा खर्च किती. जबड्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. मग साधारण पाचव्या महिन्यात मला फोन येतो, कारण आमच्याकडे लॅब आहे हे सगळ्या ओळखीपाळखीत ठाऊक आहे. सुरुवात ठरलेली असते, "अगं, आमचा कुत्रा पार बिघडला." सोफ्याचा कोपरा गेलेला असतो, शू-रॅकमधल्या प्रत्येक जोडातली एकेक चप्पल गेलेली असते (एकच का, दोन्ही का नाहीत, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही) आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनी "मी तेव्हाच म्हटलं होतं" हे अस्त्र बाहेर काढलेलं असतं.

बिघडलेलं कुणीच नसतं. आपण अंगाकडे बघून वय ठरवतो, तिथे सगळी गफलत होते. सहा महिन्यांचा लॅब वीस किलोच्या आसपास भरतो. त्याच वयाचा पॉमेरेनियन दोन-तीन किलोचा. पॉमेरेनियनने पायपुसण्याची कड ओढली की आपण मोबाइल काढून व्हिडिओ घेतो. लॅबने तोच उद्योग केला तर पायपुसणंच उरत नाही आणि आपण म्हणतो, एवढा घोडा झाला तरी अक्कल नाही. अहो, तो घोडा सहाच महिन्यांचा आहे! लॅब, रॉटवायलर, ग्रेट डेन या जाती अंगाने झपाट्याने वाढतात आणि डोक्याने सावकाश. लॅब शहाणासुरता व्हायला दीड-दोन वर्षं जातात. तोवर घरात मोठ्या कुत्र्याचा जबडा असलेलं एक लहान मूल वावरत असतं.

दातांचं गणित सरळ आहे. दुधाचे दात 28, कायमचे 42. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात दुधाचे पडायला लागतात आणि सहाव्या-सातव्या महिन्यापर्यंत नवे सगळे येतात. पडलेले बहुतेक दात पिल्लू गिळूनच टाकतं, त्यामुळे घरच्यांना पत्ता लागत नाही. आमच्या गोट्याचा एक पुढचा दात मला केर काढताना सापडला. तांदळाच्या दाण्याएवढा, मुळाशी लालसर, बोटाला टोचेल असा. त्याच्या आवडत्या दोरीवर रक्ताचे बारीक ठिपके होते. या दिवसांत हिरड्या नुसत्या शिवशिवत असतात, काहीतरी दाताखाली दाबलं की बरं वाटतं. ते काहीतरी देव्हाऱ्यासमोरचा सागवानी पाट आहे की बाजारातलं खेळणं, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. चप्पल मात्र तो निवडून घेतो. तिला आपला वास असतो आणि ती उचलली की सगळं घर मागे धावतं.

दात आले म्हणजे सुटलो, असं समजू नये. आठव्या-नवव्या महिन्यात दुसरी फेरी सुरू होते. आता दात पक्के, जबडा ताकदीचा आणि अंगात वयात आलेल्या पोराची रग. पहिल्या फेरीत चप्पल जाते, दुसऱ्या फेरीत दाराची चौकट.

त्यात लॅबच्या बाबतीत घराणंही आड येतं. त्याचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर कोळ्यांच्या हाताखाली राबायचे, जाळी आणि मासे ओढायचे. पुढे ब्रिटनमधल्या जमीनदारांनी, बंदुकीने पाडलेले पक्षी तोंडात अलगद धरून आणण्यासाठी त्यांची पैदास केली. म्हणजे पिढ्यान्पिढ्या ज्याला वस्तू उचलायची शाबासकी मिळाली, त्याने टीव्हीचा रिमोट उचलला तर तो घराण्याचा व्यवसायच करतोय. शिवाय खादाडपणा. केंब्रिजच्या संशोधकांना 2016 मध्ये असं आढळलं की साधारण दर चार लॅबमागे एकाच्या पीओएमसी नावाच्या जनुकाचा एक तुकडा गायब असतो आणि अशा कुत्र्यांचं मन अन्नावरून हटत नाही. टेबलाच्या पायांना मिरचीपूड किंवा कारल्याचा रस चोळायचा सल्ला देणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. मिरचीने डोळ्या-नाकाची आग होते, ती आग कशापायी झाली हे पिल्लाला कळत नाही. कारलं तर आमच्या गोट्याने चाटूनपुसून साफ केलं.

मारण्या-ओरडण्याबद्दल एकदाच सांगते. आपण ऑफिसातून येतो, उशीचा कापूस घरभर, कुत्रा कान पाडून कोपऱ्यात. "बघ, चूक कळतेय त्याला!" तसं नसतं. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजातल्या अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांनी 2009 मध्ये हेच तपासलं. कुत्र्याला खाऊ खायची मनाई करून मालक खोलीबाहेर जायचा. परतल्यावर कुत्र्याने खाऊ खाल्ला की नाही हे त्याला कधी खरं सांगितलं जायचं, कधी खोटं. अपराधी चेहरा कुठे दिसला? जिथे मालक रागावला तिथे. खाऊ खाल्लेला असो वा नसो. तो चेहरा आपल्या भीतीचा असतो, उशीशी त्याचा संबंध नाही. तासाभरापूर्वीच्या उद्योगाबद्दल आत्ता ओरडलं, की कुत्रा एवढंच शिकतो की माणसं घरी आली की पिसाळतात.

मग करायचं काय? चावू नको म्हणण्यापेक्षा चावायला काय द्यायचं ते ठरवा. जो मार्कहॅम या अमेरिकी गृहस्थाचा फ्रिट्झ नावाचा जर्मन शेफर्ड दगड चघळून स्वतःचे दात झिजवत होता. एकदा मालक फोक्सवॅगनची व्हॅन दुरुस्त करत असताना सस्पेन्शनचा एक रबरी भाग फ्रिट्झच्या तोंडी लागला आणि तो दगड विसरला. त्यातूनच 1976 साली पोकळ, जाड रबरी खेळण्यांची काँग ही कंपनी उभी राहिली. त्या पोकळीत बिनमिठाचा दहीभात ठासून फ्रीझरमध्ये ठेवा, अर्ध्या तासाची निश्चिंती. गार गाजर चालतं. जुना पंचा भिजवून, गाठ मारून, गोठवून द्या, हिरड्यांना थंडावा मिळतो. चिंध्या निघायला लागल्या की काढून घ्या. जुनी चप्पल मात्र देऊ नका, कारण जुनी आणि नवी कोल्हापुरी यातला फरक त्याला कुणी शिकवलेला नाही. शिजवलेली हाडं नकोत, त्यांचे टोकदार तुकडे होतात. चघळायची कुठलीही वस्तू घेताना आपलं नख रोवून बघा. खूण उमटली नाही तर ती दातांसाठी फार टणक आहे, दाढ तडकू शकते.

दुसरं म्हणजे झोप. पिल्लाला दिवसाकाठी सोळा-अठरा तास झोप लागते आणि आपल्या घरांत ती मिळत नाही. बेल वाजते, मुलं शाळेतून येतात, शेजारी लाड करायला येतात. संध्याकाळी सात वाजता पिल्लू वेड्यासारखं पायजम्याला लटकतं, तेव्हा लोक म्हणतात, त्याला अजून पळवा. पेंगुळलेलं पोर किरकिर करतं, त्याला आपण मैदानावर नेतो का? पडदा लावलेली शांत खोली किंवा सवयीचा पिंजरा, सोबत चघळायला काहीतरी, बस. मोटरसायकलमागे पळवणं तर मोठ्या जातीत गुन्हाच म्हणावा. त्यांच्या हाडांची टोकं वर्ष-दीड वर्षापर्यंत वाढत असतात, सांधे तिथेच दुखावतात. त्यापेक्षा फिरायला नेल्यावर पोटभर हुंगू द्या. स्टीलच्या ताटलीत दोन मिनिटांत संपणारं खाणं कुरिअरच्या खोक्यात कागदाच्या चुरगळ्यांत लपवून द्या. पुठ्ठा फाडू दे, केर आपण काढू.

हिसकावून घेण्यापेक्षा सौदा बरा, हे मला आमच्या सासूबाईंनी दाखवलं. गोट्या लाटणं घेऊन पलंगाखाली शिरला होता आणि मी वाकून ओढायला निघाले होते. "तू धावू नकोस गं त्याच्या मागे, त्याला तो खेळ वाटतो," म्हणत त्या पाटावर बसल्या आणि भाकरीचा तुकडा पुढे धरला. "गोट्या, हे घे बघ. सोड." आतून टक् असा लाटणं फरशीवर पडल्याचा आवाज. भाकरी त्याला, लाटणं आम्हाला. मागे धावलं की मोजा तोंडातून निघायच्या आधी पोटात जातो, हे डॉक्टरही सांगतात.

आपल्याकडचा "कॅल्शियम कमी पडतंय म्हणून भिंत खातो" हा निदानाचा प्रकार वेगळाच. मोठ्या जातीच्या पिल्लांसाठीच्या तयार खाण्यात कॅल्शियम मापात घातलेलं असतं. वरून सिरप पाजलं तर या वयात जादाचं कॅल्शियम शरीराबाहेर टाकण्याची सोय नसते आणि हाडं वाकडी वाढू शकतात. भिंत रोजच खात असेल तर डॉक्टरांना दाखवा, मेडिकलवाल्याला नको. तसंच कुत्रा फक्त घरात कुणी नसतानाच, आणि तेही दार-खिडक्यांच्या चौकटीच ओरबाडत असेल, रडत असेल, लाळ गाळत असेल, तर हा दातांचा मामला नाही. त्याला एकटेपणा झेपत नाहीये. त्याचा उपाय खेळण्यात नसतो.

अजून एक, आणि यावर मी भांडायला तयार आहे. "चाळीस दिवसांचं पिल्लू आहे, घेऊन जा" हे आपल्याकडे सर्रास चालतं. 2017 च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही. आई आणि भावंडांच्या संगतीतच ते शिकतं की दात किती जोरात लावले तर समोरचा किंचाळतो आणि खेळ थांबतो. ही शाळा बुडवून आलेलं पिल्लू मग तुमच्या मनगटावर शिकतं.

जीवावर बेतणाऱ्या गोष्टी थोड्या आहेत, पण घरोघरी आहेत. चार्जरची वायर, रिमोटमधले सेल, उंदराचं औषध, चॉकलेट, द्राक्षं आणि बेदाणे. मे महिन्यात आंब्याची कोय, पावसाळ्यात दाणे खाऊन उरलेलं कणीस. ही दोन्ही लॅब अख्खी गिळतो आणि ती आतड्यात अडकतात. पुन्हा पुन्हा उलट्या, खाण्यावर वासना नाही, शी होत नाही, पोटाला हात लावू देत नाही, यातलं काही दिसलं तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा. कोय किंवा कापड एक्स-रेमध्ये स्पष्ट दिसेलच असं नाही. म्हणून निघण्याआधी केराची बादली आणि मोज्यांचा खण बघून घ्या, आणि काय नाहीसं झालंय ते डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा.