क्रोधाच्या चार रेघा

जैन कर्मशास्त्रात क्रोधाचे चार प्रकार सांगितले असून ते समजावेत म्हणून रेघांचे दृष्टान्त दिले आहेत. संज्वलन क्रोध पाण्यावरच्या रेघेसारखा, ओढताच मिटणारा. प्रत्याख्यानावरण क्रोध वाळूवरच्या रेघेसारखा, वाऱ्याने बुजणारा. अप्रत्याख्यानावरण क्रोध जमिनीला पडलेल्या भेगेसारखा, पाऊस येईपर्यंत राहणारा. आणि अनंतानुबंधी क्रोध शिळेवर कोरलेल्या रेघेसारखा. आवाज किती चढला यापेक्षा रेघ किती काळ टिकली, हा या दृष्टान्तांचा रोख आहे. माणसे हाताशी धरून व्यवसाय करणाऱ्यास हा भेद रोज उपयोगी पडणारा आहे. त्याचे एक बोलके उदाहरण अमेरिकेतील मोटारशर्यतीच्या इतिहासात आढळते.

ए. जे. फॉइट यांचा जन्म १९३५ साली टेक्सास राज्यातील ह्यूस्टन येथे झाला. वडील मोटारदुरुस्तीच्या व्यवसायात होते. अवजारांशी ओळख तेथेच झाली. इंडियानापोलिस येथील ५०० मैलांची शर्यत चार वेळा जिंकणारे ते पहिले चालक. १९५८ ते १९९२ अशी सलग पस्तीस वर्षे ते या शर्यतीत उतरले. कौशल्याइतकीच त्यांच्या संतापाचीही ख्याती होती.

मोटारशर्यत एकट्या चालकाची नसते. पेट्रोलपंपावर आपल्याला काही मिनिटे लागतात. शर्यतीत थांबलेल्या गाडीची चाके बदलणे आणि इंधन भरणे ही कामे संघातील माणसे काही सेकंदांत उरकतात. एक नट सैल राहिला तर चालकाच्या जिवावर बेतू शकते. ज्यांच्या हाती आपला जीव आहे, त्यांच्यावरच रोज संतापणारा माणूस कसा टिकतो, हा प्रश्न म्हणूनच विचार करण्याजोगा आहे.

फॉइट यांच्या उमेदीच्या काळातील प्रमुख मेकॅनिक जॉर्ज बिग्नोटी. या जोडीने १९६१ आणि १९६४ साली इंडियानापोलिस जिंकले आणि १९६० ते १९६४ या पाच वर्षांत चार वेळा राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले. १९६४ च्या हंगामातील तेरापैकी दहा शर्यती फॉइट यांच्या नावावर आहेत. परंतु दोघेही आपल्या मताचे पक्के, त्यामुळे खटके वारंवार उडत. अखेर १९६५ साली ही जोडी फुटली. पुढचा हिशेब बोलका आहे. बिग्नोटी यांनी तयार केलेल्या गाड्यांनी इंडियानापोलिसची शर्यत आणखी पाच वेळा जिंकली. त्यांतील पहिला विजय तर पुढच्याच वर्षी, ग्रॅहम हिल यांच्या हातून. फॉइट यांना १९६७ आणि १९७७ असे आणखी दोन विजय मिळाले. हा तोटा कोणत्याही खतावणीत ‘क्रोध’ या नावाने लिहिला जात नाही, पण तो सोसावा लागतोच.

याच माणसाची दुसरी बाजूही पाहण्याजोगी आहे. १९६७ च्या शर्यतीची अखेरची फेरी चालू होती, विजय समोर दिसत होता आणि नेमक्या त्याच वेळी अंतिम रेषेजवळ अनेक गाड्या एकमेकींवर आदळल्या. फॉइट यांनी वेग कमी केला आणि विखुरलेल्या गाड्यांमधून वाट काढत रेषा ओलांडली. संयम त्यांच्या ठायी होता. तो माणसांशी वागताना मात्र सुटत असे.

१९८२ साली, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, शर्यतीत गाडीचा गिअरबॉक्स अडकला. फॉइट गाडीतून उतरले आणि संघाच्या देखत हातोडा घेऊन त्यावर घाव घालू लागले. लोकांना तो तमाशा वाटला. परंतु त्यांच्या संघातील काही माणसे अनेक दशके टिकून राहिली. मालक ओरडतो, पण स्वतः गाडीखाली शिरून हात काळे करतो, हे ती माणसे पाहत होती. पाण्यावरची रेघ सोबतच्या माणसाला ओळखता येते.

सप्टेंबर १९९० मध्ये विस्कॉन्सिन राज्यातील एका शर्यतीत गाडी रस्ता सोडून मातीच्या बांधात घुसली आणि पंचावन्न वर्षांच्या फॉइट यांच्या दोन्ही पायांना गंभीर इजा झाली. तरी आठ महिन्यांनी, चालणे कष्टाचे असताना, त्यांनी इंडियानापोलिसच्या पात्रता फेरीत दुसरे स्थान मिळवले. पुढे मे १९९३ मध्ये सरावात त्यांच्या संघातील तरुण चालक रॉबी गॉर्डन यांची गाडी आदळली. चालक आणि मालक ही दोन्ही कामे आता एकत्र होणार नाहीत, हे फॉइट यांनी ओळखले आणि त्याच दिवशी निवृत्ती जाहीर केली. आवडती जागा अशी सोडण्यासाठी मान हा कषाय मंद व्हावा लागतो.

मात्र तो पुरता गेला नव्हता. जून १९९७ मध्ये टेक्सासमधील शर्यतीत त्यांच्या संघाचे बिली बोट विजयी घोषित झाले. विजय आपला असल्याचे सांगण्यासाठी आरी लुयेन्डाइक विजयमंचाजवळ आले, तेव्हा फॉइट यांनी त्यांच्यावर हात उगारून त्यांना खाली पाडले. दुसऱ्या दिवशी नोंदी तपासल्या गेल्या. फेऱ्यांची मोजणी चुकली होती आणि खरे विजेते लुयेन्डाइकच होते. निकाल दुरुस्त झाला, पण फॉइट यांनी करंडक परत केला नाही. चापट क्षणाची होती. चुकीची नोंद उघड झाल्यावरही करंडक घट्ट धरून ठेवला, तेव्हा ती रेघ दगडावर उतरली. आणि तेथे क्रोधाला मानाची जोड मिळालेली होती.

पुढे संघाची धुरा मुलगा लॅरी याच्याकडे गेली. २०१३ साली लाँग बीच येथे जपानचे ताकुमा सातो यांनी या संघाला २००२ नंतरचा पहिला विजय मिळवून दिला. वडील त्या दिवशी तेथे नव्हते.

पेढीवर, दुकानात, गोदामात कामाच्या घाईत आवाज चढतो. गृहस्थाला तो दरवेळी आवरता येईलच असे नाही. पण दुकान बंद होण्यापूर्वी ती रेघ पुसता येते. मुनीमजींच्या हिशेबात चूक नव्हती, हे सायंकाळी कळले, तर त्याच सायंकाळी तसे सांगता येते. आणि गिऱ्हाईकासमोर बोललेल्या नोकराची समजूत एकांतात न काढता चारचौघांत काढता येते. संवत्सरीला किंवा क्षमावाणीला आपण दूरदूरच्या नातलगांना क्षमायाचनेचे संदेश पाठवतो. त्या यादीत पहिले नाव गल्ल्याशेजारी वर्षभर उभ्या राहणाऱ्या माणसाचे असावे.