शीत कुणी काढले?

शितावरून भाताची परीक्षा होते, ही म्हण आपण शाळेत शिकलो. म्हण खरी आहे. पण तिच्यात एक अट गृहीत धरलेली आहे. ते शीत तुम्ही स्वतः पातेल्यातून काढलेले असले पाहिजे. वाण्याने काचेच्या बरणीत निवडून ठेवलेले चार चकचकीत दाणे बघून कुणाच्या घरी शिजलेल्या भाताचा निकाल लावता येत नाही. चित्रपटाचा ट्रेलर म्हणजे वाण्याची बरणी. त्यातले दाणे विकणाऱ्याने निवडलेले असतात, तेही गिऱ्हाईक थांबावे म्हणून. तरीही आज आपल्याकडे भाताची परीक्षा याच बरणीवरून चालली आहे.

ट्रेलर दुपारी येतो. संध्याकाळपर्यंत संघटनांची निवेदने तयार होतात. रात्री वृत्तवाहिन्यांवर चर्चा, दुसऱ्या दिवशी कलेक्टर कचेरीसमोर घोषणा. या सगळ्यात चित्रपट कुणीच पाहिलेला नसतो. निवेदन देणाऱ्याने नाही, घेणाऱ्याने नाही आणि छापणाऱ्याने तर नाहीच. यात अमुक एक जमात दोषी आहे असे म्हणून मोकळे होता येत नाही. आपण मुसलमानही यात मागे नाही, म्हणूनच हा लेख.

कोल्हापुरातून हे लिहिताना थोडी लाज वाटते. हे सिनेमाचे गाव. बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी इथली, १९२९ साली प्रभातची स्थापना झाली तीही इथेच. बाबूराव आपल्या चित्रपटांची पोस्टर स्वतः रंगवायचे. ट्रेलरचा आजोबा म्हणजे ते पोस्टर. त्यांच्या १९२० सालच्या ‘सैरंध्री’तला कीचकवध इतका हुबेहूब होता की सेन्सॉरने त्यावर कात्री चालवली. ती कात्री योग्य होती की अयोग्य यावर वाद घालता येईल. पण कात्री चालवणाऱ्याने निदान चित्रपट पाहिला होता.

त्याच कोल्हापूर जिल्ह्यात, पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर, मार्च २०१७ मध्ये संजय लीला भन्साळींच्या ‘पद्मावती’चा सेट रात्री जाळण्यात आला. तेव्हा तर ट्रेलरसुद्धा नव्हता, तो ऑक्टोबरात आला. केवळ ऐकीव गोष्टीवर आग लागली. पुढे नाव बदलून ‘पद्मावत’ झाले, २५ जानेवारी २०१८ ला चित्रपट लागला. आणि निघाले काय? ज्या राजपूत अस्मितेचा अपमान होणार म्हणून देशभर तोडफोड झाली, तिचा तर चित्रपटभर जयजयकारच होता. करणी सेनेच्याच एका गटाने चित्रपट पाहून विरोध मागे घेतल्याचे जाहीर केले. कच्चे मांस फाडणारा, अर्धा पशू वाटावा असा रंगवला होता तो अलाउद्दीन खिलजी. मलेशियाच्या सेन्सॉरने मुसलमानांच्या भावनांचे कारण देऊन हा चित्रपट रोखला. आपल्याकडे मात्र वर्षभर चर्चा झाली ती घूमर नृत्याची आणि नसलेल्या स्वप्नदृश्याची.

बघण्याआधी दिलेला निकाल असा दोन्हीकडून चुकतो. नसलेला गुन्हा त्याला सापडतो आणि असलेला हातातून निसटतो.

‘छावा’चे उदाहरण ताजे आहे. २२ जानेवारी २०२५ ला ट्रेलर आला आणि त्यात संभाजी महाराज लेझीम खेळताना दिसले. झाले, महाराष्ट्र पेटला. मंत्र्यांनी इशारे दिले. कोल्हापूरचे संभाजीराजे छत्रपती यांनीही चित्रपट आधी इतिहासतज्ज्ञांना दाखवावा असे सुचवले. दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर राज ठाकरेंना भेटून आले आणि लेझीमचे दृश्य काढून टाकण्याचे जाहीर केले. वाद मिटला. १४ फेब्रुवारीला चित्रपट लागला तेव्हा कळले की खरा प्रश्न लेझीम नव्हताच. शिर्के घराण्याच्या वंशजांचा आक्षेप वेगळ्याच प्रसंगांवर होता आणि उतेकरांना त्यांची माफी मागावी लागली. शेवटच्या भागातल्या दीर्घ छळाच्या दृश्यांनी प्रेक्षक सुन्न होऊन, काही ठिकाणी घोषणा देत बाहेर पडू लागले. १७ मार्चला औरंगजेबाच्या कबरीच्या वादातून नागपुरात दंगल झाली. दुसऱ्या दिवशी खुद्द मुख्यमंत्र्यांनी विधिमंडळात सांगितले की ‘छावा’मुळे लोकांच्या भावना औरंगजेबाविरुद्ध प्रज्वलित झाल्या. दंगलीला एकटा चित्रपट जबाबदार आहे, असे मी म्हणणार नाही. दगड हाताने मारले जातात, पडद्याने नाही. पण ट्रेलरची परीक्षा घेणाऱ्या इतक्या जाणत्या माणसांना लेझीमच्या पलीकडचे काहीच दिसले नाही, हे विसरू नका. ट्रेलरमध्ये ते दिसणारच नव्हते.

आता ‘खालिद का शिवाजी’कडे या. राज मोरे यांचा हा मराठी चित्रपट. विदर्भातल्या एका गावातल्या मुसलमान मुलाला वर्गातली पोरे अफझलखान म्हणून चिडवतात आणि तो आपला शिवाजी शोधायला निघतो, अशी गोष्ट. हा अनुभव आपल्यापैकी किती घरांत असेल ते वेगळे सांगायला नको. इतिहासाचा तास आणि तो विशिष्ट धडा आला की मान खाली घालून बसलेले पोर प्रत्येक मोहल्ल्यात आहे. याच चित्रपटाची राज्य सरकारने २०२५ साली कान महोत्सवाच्या बाजारासाठी निवड केली होती. सेन्सॉरचे प्रमाणपत्रही होते. मग ट्रेलर आला. त्यात शिवरायांच्या सैन्यात पस्तीस टक्के मुसलमान होते, त्यांचे अकरा अंगरक्षक मुसलमान होते, रायगडावर मशीद होती, अशी वाक्ये होती. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात गदारोळ उठला. ज्या सरकारने चित्रपट कानला पाठवला त्याच सरकारच्या मंत्र्यांनी फेरतपासणी मागितली आणि केंद्राने प्रमाणपत्र स्थगित केले. ८ ऑगस्टचे प्रदर्शन थांबले.

इथे मी आपल्या लोकांनाही दोन शब्द सुनावणार आहे. पस्तीस टक्के हा आकडा आपल्याला गोड वाटतो म्हणून तो खरा होत नाही. ज्याला आकडा मांडायचा आहे त्याने कागद दाखवावा. शिवरायांच्या पदरी नूरखान बेग होता, सिद्दी हिलाल होता, अफझलखानाच्या भेटीच्या वेळी सोबत सिद्दी इब्राहिम होता, आरमारात दौलतखान होता, काझी हैदर होता. ही नावे पुरेशी आहेत, त्यांना टक्केवारीचे ठिगळ लागत नाही. फुगवलेला आकडा आपली बाजू दुबळी करतो, कारण समोरच्याला नूरखान बेगाबद्दल बोलायची गरजच उरत नाही. तो आकड्याचीच टर उडवतो.

पण आकडा चुकला म्हणून खालिद खोटा ठरतो का? चित्रपटात तो आकडा कोण बोलते, कुणाला बोलते, त्यावर पुढे कुणी शंका घेते का, हे ट्रेलरवरून कळत नाही. त्या दोन-तीन वाक्यांनी अख्खा चित्रपट गिळला. वर्गात अफझलखान म्हणून हिणवल्या जाणाऱ्या मुलावर चर्चा होणार होती, ती झालीच नाही.

आता आपली पाळी. २०२४ च्या उन्हाळ्यात ‘हमारे बारह’चा ट्रेलर आला. कुरआनची आयत अर्धवट तोडून वापरलेली, मुसलमान नवरा म्हणजे राक्षस, असा एकूण थाट. संताप येणे स्वाभाविक होते. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले, तिथून सर्वोच्च न्यायालयात. १३ जूनला सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी आपण सकाळीच टीझर पाहिल्याचे सांगितले, त्यातले संवाद आक्षेपार्ह असल्याचे नोंदवले आणि प्रदर्शन थांबले. मग उच्च न्यायालयाने एक साधी गोष्ट केली. न्यायमूर्तींनी चित्रपट पाहिला. आणि सांगितले की चित्रपट स्त्रियांच्या उन्नतीबद्दल आहे, त्यात कुरआनविरोधी काही नाही, भारतीय प्रेक्षक एवढा भोळा नाही. ट्रेलर मात्र आक्षेपार्ह होता. प्रमाणपत्राआधीच तो प्रसिद्ध केल्याबद्दल निर्मात्यांना पाच लाख रुपये भरावे लागले आणि काही बदलांसह चित्रपट २१ जूनला लागला.

हा निकाल नीट वाचा. गुन्हेगार ट्रेलर होता. आपण फाशी मागितली चित्रपटाला.

आणि पुढच्याच वर्षी ‘फुले’ आला. ट्रेलर पाहून काही ब्राह्मण संघटनांनी हरकत घेतली. सेन्सॉरने जातिवाचक उल्लेखांवर बदल सुचवले आणि ११ एप्रिल २०२५ चे प्रदर्शन २५ एप्रिलवर गेले. तेव्हा आपल्यातलेच कितीतरी लोक, ज्यांनी ‘हमारे बारह’च्या वेळी बंदीचे मेसेज फिरवले होते, ठणकावून सांगत होते, ‘आधी बघा, मग बोला.’ बरोबर सांगत होते. पण हा नियम फक्त दुसऱ्यांसाठी असतो का? जोतीराव-सावित्रीबाईंच्या चित्रपटाला जो न्याय मागितला तोच न आवडणाऱ्या चित्रपटालाही द्यावा लागतो. नाहीतर आपण न्याय मागत नव्हतो, सोय मागत होतो.

याची सर्वांत भयंकर किंमत जगाने २०१२ साली मोजली आहे. ‘इनोसन्स ऑफ मुस्लिम्स’ नावाची चौदा मिनिटांची एक चित्रफीत अमेरिकेतल्या एका माणसाने यूट्यूबवर टाकली. ती इतकी गावठी होती की शिव्यांचे शब्द नटांच्या तोंडी नंतर वरून घातल्याचे साफ कळत होते. नट-नट्या म्हणत होत्या, आम्हाला तर वाळवंटातल्या योद्ध्याची गोष्ट आहे असे सांगितले होते. दुर्लक्ष केले असते तर ती फीत आपोआप कचऱ्यात गेली असती. त्याऐवजी देशोदेशी मोर्चे निघाले आणि एकट्या पाकिस्तानात एका शुक्रवारी वीसच्या आसपास माणसे मेली. मेलेले बहुतेक मुसलमानच होते. पैगंबरांच्या प्रेमापोटी पैगंबरांचीच उम्मत मेली, एका ट्रेलरसाठी.

यावर लोक म्हणतील, ‘चित्रपट लागेपर्यंत थांबलो तर उशीर होतो. शिवाय तिकीट काढले की पैसे त्याच्याच खिशात.’ मुद्दा खरा आहे. पण ट्रेलरवर बोलायला कुणी मनाई केली आहे? ट्रेलर हेही एक विधान आहे, त्याचा हिशेब ट्रेलर म्हणूनच मागा. ‘द केरला स्टोरी’चा टीझर म्हणत होता, बत्तीस हजार मुली. लोकांनी विचारले, पुरावा कुठे? निर्मात्यांनी यूट्यूबवरच्या मजकुरात बत्तीस हजारांच्या तीन केल्या. टीझर काढून घेऊ असे त्यांनी केरळ उच्च न्यायालयात कबूल केले. १८ मे २०२३ ला सर्वोच्च न्यायालयात, या आकड्याला अधिकृत आधार नाही असा खुलासा चित्रपटात टाकण्याचे त्यांनी मान्य केले. त्याच दिवशी न्यायालयाने पश्चिम बंगालची बंदीही उठवली. बंदी टिकली नाही, प्रश्न टिकला. यापेक्षा स्पष्ट धडा कोणता हवा?

निर्मात्यांनाही मोकळे सोडू नका. औरंगाबादच्या एका शिक्षिकेने ‘फॅन’ चित्रपटाबद्दल ग्राहक मंचात तक्रार केली होती. जाहिरातीत जे गाणे दाखवले ते चित्रपटात नव्हतेच. आयोगांनी तिला दहा हजारांची भरपाई दिली. २२ एप्रिल २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली आणि म्हटले की ट्रेलर म्हणजे ग्राहकाला दिलेले वचन नव्हे. ठीक. वचन नाही तर पुरावाही नाही. ज्या ट्रेलरने निर्माता चित्रपटाला बांधला जात नाही, त्या ट्रेलरवरून आपण चित्रपटाला आरोपीच्या पिंजऱ्यात कसे उभे करतो?

दुसरीकडे, थिएटरात दाखवायच्या ट्रेलरला सेन्सॉरचे प्रमाणपत्र लागते, यूट्यूबवरच्या ट्रेलरला लागत नाही. ही फट निर्मात्यांना पक्की ठाऊक आहे. सर्वांत जहरी वाक्य निवडायचे, यूट्यूबवर सोडायचे, चार संघटनांना चिथवायचे आणि वर्तमानपत्रांची फुकट जागा मिळवायची. नंतर शांतपणे वाक्य कापायचे. म्हणजे ट्रेलरवर पेटणारा माणूस निर्मात्याचा शत्रू नसतो, तो त्याचा बिनपगारी जाहिरातदार असतो.

कोल्हापूरकरांना हे जास्त कळायला हवे. ७ जून २०२३ ला मोबाइलवरच्या काही सेकंदांच्या स्टेटसवरून या शहरात दगडफेक झाली, बाजार बंद पडले, इंटरनेट तोडावे लागले. तुकड्यावरून निकाल लावायची सवय पडद्यापुरती राहत नाही. आज चित्रपटाचा निकाल तीन मिनिटांवर, उद्या माणसाचा तीस सेकंदांवर, परवा मोहल्ल्याचा एका फोटोवर. आणि या हिशेबात आपण अल्पसंख्य आहोत, हे ध्यानात ठेवा. तुकड्यावरून न्याय होऊ लागला की दुबळ्याच्या वाट्याला तुकडाच येतो. म्हणून पूर्ण बघण्याचा, पूर्ण ऐकण्याचा आग्रह ही आपली गरज आहे. ती सभ्यतेची हौस समजू नका.

तेव्हा पुढचा ट्रेलर येईल, आणि तो येणारच आहे, तेव्हा त्यातला आकडा खोटा असेल तर आकड्याला पुरावा मागा. आयत तोडलेली असेल तर पूर्ण आयत अर्थासह लिहा. पण ‘बंदी घाला’ हा मेसेज पुढे ढकलू नका. शुक्रवारी चित्रपट लागेल. आपल्यातल्या दोघा-चौघांनी जाऊन तो बघावा, लिहावे, आणि वाईट असेल तर निर्मात्याला तोंड लपवायला जागा उरणार नाही असे लिहावे. बाकीच्यांनी ते वाचून तिकीट काढायचे की नाही ते ठरवावे. न काढलेले तिकीट हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक निषेध आहे. त्याला परवानगी लागत नाही, पोलीस बंदोबस्त लागत नाही आणि त्यात कुणाचे पोर मरत नाही.