माणसें थोडीं, कुळाचार तितकेच

विभक्त झालेल्या घराची खरी परीक्षा वांटणीच्या दिवशीं होत नाहीं. ती पुढील नवरात्रांत होते. भांडीं वांटलीं जातात, खोल्या वांटल्या जातात. परंतु कुळाचार वांटून घेण्यास कोणी पुढें येत नाहीं, आणि आठ जणी मिळून करीत असत तो स्वयंपाक दोघींच्या अंगावर पडतो. आमच्या वाचकांस हा अनुभव नवीन नाहीं. विलायतेचें राजघराणें अलीकडे याच अनुभवांतून जात असल्यामुळें त्याची हकीकत आज येथें देण्याचें आम्ही योजिलें आहे.

राजे तिसरे चार्ल्स हे युवराज असल्यापासून घराणें आटोपशीर असावें या मताचे आहेत, असें तिकडील वृत्तपत्रें लिहीत आलीं. जनतेच्या पैशावर चालणारें घर लहान असावें, हें तत्त्व कोणासही पटण्यासारखेंच आहे. परंतु घर लहान झालें तें योजनेपेक्षां प्रसंगानेंच अधिक. 1952 पासून एकट्यानें 22,219 कार्यक्रम पार पाडलेले राणीचे पती फिलिप 2017 सालीं, वयाच्या 96 व्या वर्षीं, निवृत्त झाले. 2019 सालीं धाकटे बंधु अँड्र्यू यांस सार्वजनिक कार्यांतून बाजूस व्हावें लागलें. 2020 सालीं पुत्र हॅरी सपत्नीक घराबाहेर पडले. आणि 8 सप्टेंबर 2022 रोजीं खुद्द राणी एलिझाबेथ निवर्तल्या. पुढें 2024 च्या फेब्रुवारींत राजांस व मार्चमध्यें थोरल्या सुनबाई कॅथरीन यांस कर्करोग झाल्याचें जाहीर झालें. त्याच जूनमध्यें भगिनी ॲन यांच्या डोक्यास दुखापत झाली; तथापि त्या तीन आठवड्यांच्या आंत पुन्हां कामावर हजर झाल्या. याच बाईंनीं 2023 सालीं एका मुलाखतींत, माणसें कमी करणें ही फारशी चांगली कल्पना दिसत नाहीं, असें स्पष्ट बोलून दाखविलें होतें. ज्याच्या हातीं पळी, त्यासच पंक्तीचा अंदाज!

आतां वांटणी करावी कशी? आपल्या शास्त्रकारांनीं कर्मांचे नित्य, नैमित्तिक व काम्य असे तीन भाग पाडले आहेत. तीच फोड येथें उपयोगी पडेल.

कायद्यांस संमति देणें, कागदपत्रांवर सही करणें, हें राजाचें नित्यकर्म. तो आजारी किंवा परदेशीं असल्यास 1937 च्या कायद्याप्रमाणें त्याचा जोडीदार व वयांत आलेले पहिले चार वारस यांतून प्रतिनिधि नेमतां येतात. अडचण अशी झाली कीं, या नांवांत अँड्र्यू व हॅरीही होते. तेव्हां 2022 च्या अखेरीस पार्लमेंटनें नवा कायदा करून ॲन व धाकटे बंधु एडवर्ड यांचीं नांवें वाढविलीं. जुनें नांव कोणाचेंही काढलें नाहीं. कामाचीं दोन माणसें मात्र मिळालीं. ही युक्ति आम्हांस मोठी शहाणपणाची वाटते.

परराष्ट्रांच्या प्रमुखांचें स्वागत, युद्धांत पडलेल्यांचें स्मरण, हीं नैमित्तिक कर्में. तींही टाळतां येत नाहींत. राहिलीं काम्यकर्में, म्हणजे संस्थांचें आश्रयदातृत्व. एकट्या राणीकडे अशा 600 हून अधिक संस्था होत्या! त्या पुन्हां तितक्याच माणसांत वांटावयाच्या तर भार वृद्धांवर पडतो. केंटचे ड्यूक 1935 सालचे, अलेक्झांड्रा 1936 सालच्या, ग्लॉस्टरचे ड्यूक 1944 सालचे. केंटच्या ड्यूकनीं पन्नास वर्षें सांभाळलेलें स्कॉट्स गार्ड्‌सचें कर्नलपद 2024 सालीं एडवर्डकडे सोंपविलें. पण एडवर्डही 1964 सालचे. युवराजांचें थोरलें मूल 2013 सालीं जन्मलेलें. मधली पिढी जवळजवळ रिकामी आहे.

स्वीडनच्या राजांनीं 2019 सालीं पांच नातवंडांस राजकर्तव्यांतून मोकळें केलें. डेन्मार्कच्या राणीनें चार नातवंडांच्या पदव्या 2023 च्या आरंभापासून काढल्या. मुलाच्या घरीं दुःख झालें, तेव्हां तिनें खेद व्यक्त केला, पण निर्णय फिरविला नाहीं. माणसें कमी करणें असें कष्टाचें असतें खरें. पण त्याहून अवघड काम त्यापुढचें, तें म्हणजे कर्तव्यें कमी करणें. एखाद्या लहान गांवच्या रुग्णालयास राजघराण्यांतील माणसाची भेट हा वर्षानुवर्षें सांगण्याचा प्रसंग असतो. ती भेट बंद झाली तर वाईट वाटेलच. तथापि कागदावर आश्रयदात्याचें नांव आणि दाराशीं कोणीच नाहीं, यापेक्षां आम्हांस सरळ नकार बरा वाटतो.

असो. हा धडा राजवाड्यापुरताच नाहीं. जो घर लहान करतो, त्यानेंच कोणते कुळाचार राखावयाचे व कोणते देवापुढें हात जोडून सोडावयाचे, हें त्याच दिवशीं ठरवावें. तें ठरविलें नाहीं, तर घरांतील सर्वांत थकलेलें माणूस कांहीं न बोलतां तें सारें उचलीत राहतें.